मागच्या दाराची कडी

१७ ऑक्टोबर

आई गेल्यानंतर आज पहिल्यांदा घरातली सगळी भांडी एकाच वेळी घासून झाली. म्हणून ही वही सुरू करतो.

वही एफीच्या शाळेच्या गठ्ठ्यातली आहे. ती सहा वर्षांची, तिला एवढ्या वह्या लागत नाहीत. मी दहावीत शाळा सोडून खेकड्यांच्या बोटीवर गेलो, त्यामुळे अवघड शब्द आईच्या शब्दकोशात पाहून लिहितो. उद्या ही वही कुणाच्या हातात पडली, तर ‘याला धड लिहिता येत नाही, हा बहिणीला काय सांभाळणार’ असं कुणी म्हणू नये.

आज शहरातल्या बालकल्याण कार्यालयात फोन केला. एफीसाठीचा सरकारी भत्ता आईच्या खात्यात यायचा, तो आता मोठ्या भावाला मिळतो का, एवढंच विचारायचं होतं. बाई गोड बोलत होत्या. नाव विचारलं. सेल्बी राइडआउट. आडनाव त्यांना लागेना म्हणून एकेक अक्षर सांगितलं, दोनदा. घरात कोण कोण? मी आणि बहीण. वडील? पश्चिमेला तेलाच्या कामावर गेले ते गेलेच. तू कामावर असलास की तिला कोण बघतं? म्हटलं, शेजार आहे. त्या म्हणाल्या, “बरं, मी बघते काय करता येतं ते.”

बोलणं चांगलं झालं. एफीने मासा खाल्ला, बटाटा ठेवला.

२ नोव्हेंबर

आज पुढचं दार वाजलं.

आमच्या खाडीत दार कुणी वाजवत नाही. माणसं मागच्या पडवीतून येतात, बूट झटकतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरतात. पुढचं दार पाद्री, पोलीस, सरकार आणि शवपेटी यांच्यासाठी. आमचं शेवटचं उघडलं ते आईला नेताना. एफी टेबलाखाली जाऊन बसली. रंगाने दार चिकटलं होतं, खांदा लावून उघडावं लागलं.

बाहेर एक बाई, निळी टोपी, हातात पिशवी. ग्लेनिस पेनी, बालकल्याण. चहा दिला, चांगल्या कपात. त्यांनी स्टोव्हभोवतीची जाळी पाहिली, जिना पाहिला, एफी कुठे झोपते ते पाहिलं. एफी टेबलाखालून बाहेर आली आणि तिने त्यांना स्वतःचा पडलेला दात दाखवला. जाताना म्हणाल्या, “घाबरू नकोस सेल्बी, मी मदतीला आले आहे.”

मी आठ वर्षांचा असताना आला होता तो माणूसही हेच म्हणाला होता. त्याच दुपारी मी त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर होतो. शहरातल्या ज्या घरी ठेवलं तिथली माणसं वाईट नव्हती, पण त्यांच्या स्वयंपाकघरात जायला विचारावं लागायचं. पुढच्या उन्हाळ्यात परत आलो. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, कुणीतरी कार्यालयात जाऊन सांगितलं.

आताही कुणीतरी सांगितलं आहे. कोण, ते शोधायचं.

५ नोव्हेंबर

शाळेतल्या बाई नसाव्यात, त्यांना एफीचं नावही नीट आठवत नाही. पाद्री नव्हे, ते महिन्यातून एकदा येतात. दुकानदार नव्हे. आमच्या घरात रोज पाय ठेवणारं एकच माणूस, ड्रुसिला मावशी. ती तशी कुणाची मावशी नाही, पण म्हाताऱ्या बायकांना सगळी खाडी मावशीच म्हणते. शाळा सुटली की एफी तिच्याकडेच जाते. आईच्या आजारपणात मावशीनेच सूप आणलं. पण सूप आणणाऱ्याला घरातलं सगळं दिसतं.

आज ती आली, एफीच्या हातमोज्याचा फाटलेला अंगठा घेऊन बसली. लाल लोकर नव्हती म्हणून नवऱ्याच्या, हेडली काकाच्या, जुन्या स्वेटरची हिरवी लोकर लावली.

“मावशी, आमच्याकडे सरकारी बाई आली होती,” मी म्हणालो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

“हो रे राजा, गाडी पाहिली मी.” तिने दोरा दाताने तोडला. “चहा दिलास ना?”

बस, एवढंच. आश्चर्य नाही, काही नाही.

१३ नोव्हेंबर

पेनीबाईंची गाडी आज पुन्हा खाडीत. आमच्या दारी नाही, ड्रुसिला मावशीच्या दारी. आमच्या वरच्या खिडकीतून दिसतं. चांगला तासभर होती. निघताना दोघी पायरीवर उभ्या होत्या आणि मावशीने आमच्या घराकडे बोट केलं.

मी खिडकीतून मागे सरलो. बहुतेक दिसलो नसेन.

१९ नोव्हेंबर

मावशीच्या घरात बदल होत आहेत. जिन्याच्या तळाशी लाकडी फाटक बसलं. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं आलं. औषधांच्या कपाटाला कुलूप. पडवीत हेडली काकाची बंदूक मी जन्मल्यापासून टांगलेली होती, ती जागा रिकामी आहे, नुसता भिंतीवर फिकट पट्टा. वरच्या खोलीत लहान पलंग. तिला स्वतःचं मूल नाही, कधी नव्हतं.

एफी सांगते, “मावशीने माझी बाहुली मेली असं ठरवलं आणि छाती दाबून दाबून परत जिवंत केली.”

“का?”

“हेडली काका मरायला तयार नव्हता म्हणून.”

हे मला मुळीच आवडलेलं नाही.

लहान पलंग कुणासाठी, हे विचारायला शहाणपण लागत नाही. आधी सांगायचं, मग आपणच मूल मागायचं.

२६ नोव्हेंबर

मावशी दर बुधवारी काकाच्या गाडीने शहराला जाते. आज काका धक्क्यावर दोर गुंडाळत होता, सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, कशाला जाते.

“दात,” तो म्हणाला. “बुधवारी दात.”

“काका, मावशीचे सगळे दात कवळीचे आहेत.”

“म्हणूनच तर वेळ लागतो.” आणि समुद्राकडे बघून हसत राहिला.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा असाच हसतो.

१ डिसेंबर

रस्ते खात्याच्या डेपोत काम मिळालं. रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीवर मदतनीस, चालकाशेजारी बसून बाजूचं पातं वरखाली करायचं. चालक लेव्ही, आईच्या वर्गातला. काम चांगलं आहे, पण बर्फ पडला की पहाटे चारला हजर. शाळा उघडायला तेव्हा पुष्कळ अवकाश असतो. शहरात सरकारी पाळणाघर आहे, तेही साडेसातला उघडतं, आणि शहर काही जवळ नाही.

पूर्वी असतं तर एफीला झोपेतच उचलून मावशीकडे टाकलं असतं. आता नाही. एफीला सांगितलं, आजपासून मावशीकडे जायचं नाही.

“का?”

“मी सांगतो म्हणून.”

“मी काही केलं का?”

“तू नाही.”

“मग मावशीने काय केलं?”

संध्याकाळी मागच्या दाराला आतून कडी बसवली. चार स्क्रू, पातळीत, एकही तिरका नाही. या घराच्या मागच्या दाराला कधी कडी नव्हती.

४ डिसेंबर

सकाळी मावशी आली. पडवीत बूट झटकल्याचा आवाज, मग दार ढकलल्याचा. दार उघडलं नाही. पुन्हा ढकललं. मी स्टोव्हपाशी उभा होतो, एफी माझ्याकडे बघत होती. मी तोंडावर बोट ठेवलं.

“सेल्बी?” बाहेरून आवाज. “दार अडकलंय रे, बर्फाने फुगलं असेल.”

थोड्या वेळाने पावलं परत गेली. नंतर पाहिलं तर पडवीत फडक्यात बांधलेल्या तळलेल्या पावाच्या लाट्या, अजून गरम, आणि बरणीत काकवी. मी त्या टाकणार होतो. एफीने तोवर दोन खाल्ल्या होत्या.

१० डिसेंबर

पहिला मोठा बर्फ. एफीला गाडीत घेतलं.

नियमाविरुद्ध आहे, मला माहीत आहे. पण एकटीला घरात ठेवणं त्याहून वाईट. सीटच्या मागे, पायापाशी, रजईत गुंडाळून. इंजिनाची ऊब असते. ती झोपली पण. लेव्हीने एकदा मागे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“ते काय आहे?”

“रजई.”

“रजईला खोकला झालाय, सेल्बी.”

“हो.”

“मी काही पाहिलं नाही. पण शेजारी एवढी चांगली बाई असताना—”

“तू गाडी चालव.”

एकंदरीत व्यवस्था जमली असं म्हणायला हरकत नाही.

२२ डिसेंबर

वळणावर वाऱ्याने सगळं पांढरं झालं. बाजूचं पातं बर्फाखालच्या खडकाला लागलं, गाडीला हिसका बसला आणि एफीचं कपाळ सीटच्या लोखंडी पायावर आपटलं. कबुतराच्या अंड्याएवढं टेंगूळ. ती रडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. लेव्हीने गाडी थांबवली, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, “मला नातवंडं आहेत. पुन्हा आणलीस तर मी गाडी हलवणार नाही.”

टेंगळावर बर्फच लावला, दुसरं होतं काय. घरी येताना एफीला शिकवलं. कुणी विचारलं तर पायरीवर घसरून पडले, असं सांगायचं. तिने दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा चांगलं.

पाच तारखेला पेनीबाई येणार आहेत. मुलीची कायमची व्यवस्था त्या दिवशी ठरेल असं फोनवर म्हणाल्या. ‘व्यवस्था’ शब्द मी दोनदा वाचावा तसा दोनदा ऐकला. तोवर सुट्टी आहे आणि देवाच्या दयेने आभाळ स्वच्छ आहे.

२८ डिसेंबर

जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण पुढे लागेल.

जेवण उरकलं होतं. मागच्या दारावर आवाज, श्वास आत ओढत बोललेला: “सोंगं येऊ देत का आत?” ख्रिसमसनंतरचे बारा दिवस खाडीत सोंगाडे फिरतात. तोंडावर उशीचा अभ्रा, अंगावर दुसऱ्याचे कपडे, चाल बदललेली, आवाजही. घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की अभ्रा काढून तोंड उघडं करायचं, केक खायचा, पेला घ्यायचा. आमच्याकडे दुखवटा आहे, यंदा नको असं सांगणार होतो. पण एफी उड्या मारत होती. शिवाय मनात आलं, ‘पोरीला सणही करू दिला नाही’ हे कार्यालयात पोचायला कितीसा वेळ. कडी काढली.

तिघे होते. एक नवरी, डोक्यावर जाळीचा पडदा, कोटाच्या वरून मोठी चोळी, आत बटाटे. ते गुडघे हेडली काकाचेच. दुसरा अस्वलाची कातडी पांघरलेला, पण खोकला लेव्हीचा. दोघांना एफीने चुटकीसरशी ओळखलं. तिसरं सोंग दाराशीच उभं. बुटकं, पिवळा तेलकट कोट, पायात पुरुषी रबरी बूट, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. हातमोजे जुने, एकाचा अंगठा हिरव्या लोकरीने सांधलेला. फुलाफुलांच्या अभ्र्याला डोळ्यांपुरती भोकं.

लेव्हीने आणि काकाने केक खाल्ला. काका उठत म्हणाला, “हे आमच्याबरोबर आलंय खरं, पण न ओळखलेलं सोंग आम्ही पुढे नेत नाही. ठेव तुझ्याकडे.” आणि बटाटे सावरत दोघे निघून गेले.

मी त्या सोंगाकडे पाहत राहिलो. ते भिंतीवरचा धुराचा गजर बघत होतं. मग स्टोव्हची जाळी. मग एफीचं कपाळ. साधा सोंगाडा घरात आला की आधी बाटलीकडे बघतो. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही पेनीबाई आहे. कार्यालयाने बेसावध गाठायला पाठवली आहे.

नाव घेतलं असतं तर तोंड उघडावं लागलं असतं आणि दोघांचीही पंचाईत. म्हणून मी नाव न घेता म्हणालो, “आलाच आहात तर नीट बघून घ्या.” आणि सगळं दाखवलं. फ्रिज उघडला. दूध, अंडी, गाजरं. गरम पाण्याचा नळ सोडून दाखवला. एफीच्या लसी कुठल्या, कधी, तोंडपाठ म्हणून दाखवल्या. वर नेऊन तिची गादी दाखवली, चादर उलटून दोन्ही बाजूंनी. सोंग मागोमाग येत होतं, जिन्यावर कठड्याला धरून, एक पाय जरा ओढत. उलट्या बुटांमुळे असणार.

खाली आल्यावर ते खुर्चीत बसलं. मला वाटलं आता बोलून टाकावं.

“तुम्हाला आमच्याबद्दल कुणी सांगितलं ते मला माहीत आहे,” मी म्हणालो. “ड्रुसिला मावशीने. तिला मूल हवंय म्हणून. पलंगसुद्धा आणून ठेवलाय. आईच्या मरणाची वाट बघत होती की काय कुणास ठाऊक. तिच्या घरात माझी बहीण पुन्हा पाय ठेवणार नाही, हे लिहून घ्या.”

सोंग अजिबात हललं नाही. नुसता तोंडापुढचा अभ्रा आत-बाहेर होत होता.

मग श्वास आत ओढत बारीक आवाजात: “पहाटे तू कामावर जातोस. तेव्हा पोर कुठे असते?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात एफी म्हणाली, “मी गाडीत झोपते ना! बर्फाच्या मोठ्या गाडीत. तिथेच मला हे लागलं. पण मी पायरीवर पडले.”

सोंग खुर्ची ओढून एफीकडे वाकलं, हिरव्या अंगठ्याने कपाळाला हात लावला. “दुखतं?”

“आता नाही.” आणि एफी सरळ तिच्या मांडीवर चढून बसली, कोटात तोंड खुपसून. सरकारी बाईच्या मांडीवर! पोरगी कुणावरही विश्वास टाकते. हे तिला शिकवायला हवं.

सोंगाने तिला बराच वेळ तसंच धरलं. मग खाली ठेवलं आणि निघालं. केकला हात लावला नाही. आमच्या घरातून सोंग तोंड न उघडता, केक न खाता गेलं, असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही.

कडी लावली. सगळं संपलं आहे असं वाटतं.

२ जानेवारी

पेनीबाईंचा फोन नाही. म्हणजे पाच तारखेलाच काढणार. तोवर मला गाफील ठेवायचं.

एफीचे कपडे इस्त्री करून ठेवले. तिला न्यायचंच असेल तर चुरगळलेल्या कपड्यांत नको.

५ जानेवारी

त्या आल्या. पुढच्या दाराने. एफी इस्त्रीचा झगा घालून खुर्चीत बसली होती. टेंगूळ ओसरून पिवळा डाग उरला आहे, तो त्यांना लगेच दिसला.

“हे गं काय झालं?”

“पायरीवर घसरून पडले,” एफी म्हणाली. पाय हलवत, डोळ्याला डोळा देत, अगदी सहज. मी स्वतः इतकं सफाईदार कधी खोटं बोललेलो नाही. हे मी तिला शिकवलं होतं, आणि तिने माझ्याहून चांगलं करून दाखवलं होतं.

शिवाय पेनीबाईंना सगळं माहीत होतंच. नाटक कशाला?

“जाऊ द्या,” मी म्हणालो. “तुम्हाला ठाऊक आहे ते. ती गाडीत पडली. मी तिला पहाटे बर्फाच्या गाडीत न्यायचो. तुम्ही त्या दिवशी उशीचा अभ्रा घालून आलात, तेव्हा तिने सांगितलंच होतं.”

पेनीबाईंनी कप खाली ठेवला. “मी? उशीचा अभ्रा?”

“अठ्ठावीस तारखेला.”

“अठ्ठावीस तारखेला मी हॅलिफॅक्सला बहिणीकडे होते. अरे, उशीचा अभ्रा घालून मी घरं तपासत फिरले, तर कार्यालय आधी मलाच तपासेल.” त्या हसल्या. मग मी काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि हसू गेलं. “कुठली गाडी, सेल्बी?”

तेव्हा मला कळलं की त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी होऊन सांगितलं होतं. परत घेता येत नव्हतं. मग सगळंच सांगितलं, वळणावरचा हिसका, खडक, शिकवलेलं खोटंही. एफी पाय हलवायची थांबली होती.

“हे मला नोंदवावं लागेल,” त्या म्हणाल्या.

“नेणार तिला?”

“आधी ऐक. गाडीत ती पुन्हा बसली तर आपलं बोलणं वेगळं होईल, हे पक्कं. पण न्यायचं असतं तर दोन महिने मी हा खटाटोप केला नसता.” आणि शेजारच्या घराकडे मान वळवली. “ड्रुसिलाच्या घराला शुक्रवारी मान्यता मिळाली. सरकारमान्य घरगुती पाळणाघर. पहाटे चारपासून. पैसे कार्यालय देतं, मूल तुझ्याकडेच राहतं. बुधवारचा अभ्यासवर्ग, प्रथमोपचार, जिन्याचं फाटक, बंदूक हलवणं, सगळं त्या बाईने केलं. दोनदा नापास होऊन. कुणाला सांगू नका, अशी तिची अट होती, म्हणून मी गप्प होते. कालच तिने बोलायची परवानगी दिली.”

मी त्यांचा कप उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

“ख्रिसमसनंतर रोज फोन करायची, कागद हलवा, घाई आहे, घाई आहे. विचारलं कसली घाई, तर सांगेना. आज कळलं.” त्या टोपी घालू लागल्या. “पण काल म्हणाली, घर तयार आहे, मूल येईलसं वाटत नाही. त्याचं काय ते तू बघ. शुक्रवारपर्यंत पहाटेची सोय मला पक्की हवी. नाही झाली, तर मला दुसरा विचार करावा लागेल. दुसरा म्हणजे कुठला, ते तुला ठाऊक आहे.”

दाराशी गेल्यावर मी विचारलं. विचारल्यावाचून राहवलं नाही. “आमच्याबद्दल पहिल्यांदा कुणी सांगितलं?”

त्या माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिल्या. “तू. ऑक्टोबरमध्ये. फोन मीच घेतला होता. आडनाव दोनदा सांगितलंस.”

त्या गेल्यावर एफीला विचारलं, मग त्या रात्रीचं सोंग कोण होतं?

“मावशी.” जणू मी आजचा वार विचारला.

“तुला तेव्हाच कळलं होतं?”

“मांडीवर बसले तेव्हा कळलं. तिच्या कोटाला साबणाचा वास येतो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू ओळखायचं होतंस. घरातल्या मोठ्याने ओळखायचं असतं.”

६ जानेवारी

आज सोंगांचा शेवटचा दिवस.

दिवसभर तिच्या घराकडे जायला निघालो आणि परत आलो. तोंड घेऊन जाणं जमेना. तेव्हा संध्याकाळी आईचा हिरवा कोट घातला, डोक्यावर अभ्रा ओढला, एफीला उघड्या तोंडाने बरोबर घेतलं. तिला म्हटलं, तू काही बोलू नकोस. ती म्हणाली, “मी कधी बोलते?”

मावशीच्या मागच्या पडवीत बूट झटकले. हात आपोआप दारावर गेला आणि मी दार वाजवलं. का, ते माहीत नाही. मग तिचा आवाज: “दार वाजवतंय कोण? सरकार असेल तर पुढून या, इथे मासे कापलेत.”

श्वास आत ओढून म्हणालो, “सोंग येऊ दे का आत?”

“एकटंच?”

“एकटंच.”

स्वयंपाकघरात काका टेबलाशी, ती ओट्याशी. एफी धावत जाऊन जिन्याच्या फाटकावर चढली आणि झोके घेऊ लागली. काका माझे बूट बघून म्हणाला, “आता हा तर सेल—”

“तू गप बस, हेडली. मी ओळखते.” तिने हात पुसले. माझ्याभोवती एक फेरी मारली, डावा पाय ओढत. कोटाची बाही चाचपली, ती कुणाची ते तिला कळलंच असणार, क्षणभर तिथेच हात राहिला. मग मागे सरून कमरेवर हात ठेवले.

“मला वाटतं,” ती म्हणाली, “ही ग्लेनिस पेनी आहे.”

काका इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

“आलाच आहात बाई, तर नीट बघून घ्या,” मावशी म्हणाली. “फ्रिज दाखवू? गरम पाण्याचा नळ सोडू? वर पलंगही आहे, मरणाची वाट बघून आणलेला.”

अभ्र्याच्या आत मला काही दिसेना. भोकं जागेवरच होती, डोळेच चालेनात. मी म्हणालो, मावशी. श्वास आत ओढायचा राहिला, साधाच आवाज निघाला.

कढईतला मासा उलटल्याचा आवाज आला.

“तू म्हणालास ते मी घरी आणलं आणि उशाशी घेऊन झोपले, सेल्बी. इतके दिवस.”

“हो.”

“बस खाली.”

बसलो.

“तुला नेलं होतं ना लहानपणी,” ती म्हणाली, कढईकडेच तोंड करून. “तेव्हा कुणी सांगितलं, ते तुझ्या आईने तुला कधी सांगितलं नाही. मीही सांगणार नव्हते. तिला उठवत नव्हतं रे, आठ-आठ दिवस. तिनेच फोन केला. याच स्वयंपाकघरातून. मी शेजारी उभी होते. म्हणाली, मी बरी होईपर्यंत पोराला कुणीतरी जेवायला घाला. मी म्हटलं होतं, माझ्याकडे ठेव. पण तेव्हा तसं चालत नव्हतं. माझ्या घराला कागद नव्हता.”

यावर आज मी काही लिहीत नाही.

काकाने केक कापला. मावशीने माझ्या डोक्यावरचा अभ्रा स्वतः काढला, घडी केली, आईच्या कोटाच्या खिशात ठेवला. तोंडाकडे पाहिलं नाही, तेवढी दया केली.

“बर्फ कधी आहे?”

“गुरुवारी म्हणतायत.”

“चारला आण. झोपेतच आण, कपडे मी घालीन. आणि दार वाजवू नकोस. हेडली जागा होतो, मग त्यालाही सांभाळावं लागतं.”

“त्याचे पैसे कार्यालय देतं का?” काकाने विचारलं.

घरी आल्यावर एफीला झोपवलं आणि कडी काढली. चार स्क्रू. भोकं राहिली आहेत, ती उद्या बुजवतो. नाहीतर राहू दे.